हीटरमधून तेलाचा वास येतोय? आधी तेलाचा उगम शोधा

दिल्लीत डिसेंबर लागला की जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास पुढे येतो. हीटर सुरू केला की आत तेलाचा वास येतो, समोरच्या काचेवर आतून तेलकट थर बसतो आणि फडक्याने पुसला तर तो आणखीच पसरतो. मग विचारणा होते: हीटर धुऊन घ्यायचा का, कशाने धुवायचा आणि किती खर्च येईल? पुण्या-मुंबईत अँबेसेडरच्या हीटरचा खटका वर्षानुवर्षं कोणी दाबत नाही. दिल्लीत मात्र पहाटेचं तापमान चार-पाच अंशांवर उतरतं, धुकं पडतं आणि काच साफ ठेवायची तर हीटर लागतोच. वर्षभर साचून राहिलेली घाण त्यामुळे नेमकी थंडीतच बाहेर येते.

उत्तर दिल्लीत, रिजच्या टेकडीवरच्या हिंदूराव भागात राहणाऱ्यांना याबाबतीत एक सोय आहे आणि तीच अडचणही ठरते. टेकडी उतरलं की काश्मिरी गेट जवळच. देशातल्या मोठ्या मोटारपार्ट बाजारांपैकी तो एक. होज पाइप, क्लिपा, गॅस्केट, रेडिएटर, हवं ते तिथे मिळतं. पार्ट हाताशी मिळतात म्हणून निदान मात्र मागे पडतं. मेकॅनिक सांगतो, ‘हीटर बदलून टाकू,’ नवा हीटर बसतो आणि दोन आठवड्यांत त्याच्याही आत तोच चिकटा जमतो.

हीटर स्वतः तेल तयार करत नाही. ते दुसरीकडून त्याच्यात येतं. ते कुठून येतं हे कळेपर्यंत हीटरवर एक रुपयाही घालवू नका.

ते तेलच आहे ना?

ही खात्री सगळ्यांत आधी करा, कारण वाचकांच्या गोंधळाचं मूळ बहुतेकदा इथेच असतं. काचेवरचा चिकट थर पुष्कळदा इंजिन ऑइलचा नसतोच, तो कूलंटचा असतो. हीटरमध्ये एक छोटा रेडिएटर असतो. मेकॅनिक त्याला हीटर कोर म्हणतात. तो बारीक गळायला लागला की कूलंटमधल्या ग्लायकॉलची वाफ काचेवर बसते आणि हाताला तेलासारखी लागते.

- काचेवर थोडं पाणी घेऊन स्वच्छ फडक्याने पुसा. थर विरघळून निघाला तर ते ग्लायकॉल. पाण्याने तो नुसता सरकत, पसरत राहिला तर तेल.
- वास गोडसर असेल तर ग्लायकॉलची शक्यता जास्त. जळकट, गॅरेजसारखा असेल तर तेल.
- हीटरच्या खालचा गालिचा उचलून बघा. तो ओला आणि चिकट असेल तर कोर गळतोय. अशा कोरची सफाई करून उपयोग नाही, तो उतरवून रेडिएटरवाल्याकडेच न्यावा लागतो.

तेलच आहे हे ठरलं की पुढचा प्रश्न गाडीच्या जातीचा. अँबेसेडर, फियाट-पद्मिनी, हेराल्ड, जुन्या मर्सिडीज या पाण्याने थंड होणाऱ्या गाड्या. यांच्या हीटरमध्ये तेल शिरतं ते पाण्यातून. फोक्सवॅगनची बीटल हवेवर थंड होते, तिच्यात ते हवेतून शिरतं. दोघांची सफाई पूर्णपणे वेगळी आहे आणि धोकेही वेगळे.

पाण्यात तेल आलं कुठून?

रेडिएटरची टोपी इंजिन पूर्ण गार असतानाच उघडा. गरम असताना उघडली तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा टोपीला मलईसारखा थर दिसला तर खालीलपैकी एक कारण असतं.

हेड गॅस्केट जाणं हे सगळ्यांत नेहमीचं. अँबेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी बी-सिरीज इंजिनात रॉकरकडे जाणारं तेल ब्लॉकमधून हेडमध्ये चढतं. तेलाची आणि पाण्याची वाट वेगळी ठेवण्याचं काम गॅस्केटच करतं. इंजिन चालू असताना तेलाचा दाब साधारण ४० ते ६० पौंड असतो, पाण्याचा त्याच्या पावपटीच्या आसपास. म्हणून फट पडली की चालत्या गाडीत तेल पाण्यात घुसतं. गाडी बंद झाली की तेलाचा दाब लगेच उतरतो, गरम पाण्याचा मात्र काही वेळ टिकतो. मग उलटं होतं आणि पाणी तेलात झिरपतं. यासाठी दोन्हीकडे बघा, रेडिएटरही आणि डिपस्टिकही.

इथे एक सावधगिरी. थंडीत तेल भरण्याच्या टोपीखाली पांढुरका फेस दिसला म्हणजे गॅस्केट गेलंच असं नाही. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही आणि आतली वाफ थंड होऊन टोपीला बसते. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल तर एकदा तासभर सलग गाडी चालवा आणि पुन्हा बघा. केवळ त्या फेसावरून हेड उतरवायला होकार देऊ नका.

दुसरं कारण माणसांनी आपल्या हातांनी केलेलं असतं. गंज लागू नये म्हणून रेडिएटरमध्ये लेथवर वापरतात ते सोल्युबल ऑइल ओतायची सवय आपल्याकडे जुनी आहे. पाणी दुधाळ दिसतं, मालक घाबरतो आणि इंजिनात दोष काहीच नसतो. गळती थांबवायला हळद किंवा बाजारातली पावडर टाकण्याची पद्धतही अशीच. रस्त्यात अडकलेल्या गाडीला हळद घरापर्यंत आणते हे खरं. पण हीटर कोरच्या नळ्या रेडिएटरपेक्षा अरुंद आणि तिथला प्रवाहही मंद. हळद आणि तेल यांचा लगदा सगळ्यांत आधी तिथेच बसतो. गाडी जुनी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाला हे नक्की विचारा.

ऑइल कूलर किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्या आत असलेल्या परदेशी गाड्यांत तोही फुटलेला असू शकतो. गिअरबॉक्सचं तेल बहुधा लालसर असतं, त्यावरून ओळखता येतं.

उगम पक्का करायला गॅरेजमध्ये तीन तपासण्या मागा: कूलिंग सिस्टिमला दाब देऊन गळती बघणं, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजणं, आणि रेडिएटरच्या तोंडाशी जळालेल्या वायूची रासायनिक चाचणी. या चाचणीतलं निळं द्रावण पिवळं पडलं तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. निळंच राहिलं तरी गॅस्केट निर्दोष ठरत नाही, कारण फक्त तेलाची वाट फुटलेली असू शकते. दाब देताना रेडिएटरच्या टोपीवर छापलेल्या आकड्याच्या वर जाऊ देऊ नका. पन्नास वर्षांच्या पितळी कोरला जास्त दाब सोसत नाही.

उगम बंद झाल्यावर सफाई

क्रम महत्त्वाचा आहे. आधी तेल, मग गंज आणि क्षार. मर्सिडीजच्या जुन्या वर्कशॉप पुस्तिकांतही हाच क्रम सांगितलेला असे, आणि त्याचं कारण साधं आहे: क्षारावर तेलाचा थर असेल तर आम्ल त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

१. गार इंजिनात रेडिएटर पाण्याने तोंडोतोंड भरा. वर आलेलं तेल कागदाने किंवा फडक्याने टिपून घ्या. जितकं तेल इथे निघेल तितकी पुढची मेहनत वाचते.

२. हीटरचा कॉक पूर्ण उघडा. बहुतेक जण हेच विसरतात. कॉक बंद असेल तर सगळं धुणं रेडिएटरपुरतं राहतं आणि हीटर तसाच. बी-सिरीज इंजिनात हा कॉक हेडच्या मागच्या टोकाला असतो आणि वर्षानुवर्षं न फिरवल्याने अडकलेला असतो. जोर लावून तोडू नका. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

३. थर्मोस्टॅट काढा. रेडिएटरबरोबर ब्लॉकचाही ड्रेन उघडून जुनं पाणी काढा. ब्लॉकमधून काही येत नसेल तर तिथे गाळ बसलाय, तारेने हलकेच मोकळा करा.

४. कमी फेसाचं डिग्रीझर भरा. ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे असतील, जसे बी-सिरीजमध्ये असतात, तर धुण्याचा सोडा चालतो. लिटरला साधारण २५ ग्रॅम, आधी कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून. हेड ॲल्युमिनियमचं असेल, जसं फियाटमध्ये किंवा बऱ्याच मर्सिडीजमध्ये, तर सोडा टाळा आणि डब्यावर ॲल्युमिनियमला सुरक्षित असं लिहिलेलं रेडिएटर क्लीनरच घ्या.

५. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, मोकळ्या जागेत, इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालवा. नंतर थोडं निवू द्या, पण पुरतं गार होऊ देऊ नका. पाणी कोमट असताना काढलं तर सुटलेलं तेल पाण्याबरोबर बाहेर जातं. रात्रभर ठेवलं तर ते पुन्हा वेगळं होऊन भिंतींना चिकटतं.

६. साध्या पाण्याने दोनदा धुवा. तवंग दिसत असेल तर चौथी आणि पाचवी पायरी पुन्हा करा. गॅस्केट गेल्यावरही बरेच दिवस चालवलेल्या गाडीला एकदा धुऊन भागत नाही, हे आधीच गृहीत धरा.

७. आता हीटर वेगळा धुवा. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याजवळचे दोन्ही होज सोडा आणि बागेच्या नळीने, अगदी हलक्या धारेने, पाणी उलट्या दिशेने सोडा, म्हणजे नेहमी जिथून बाहेर पडतं तिथून आत. घाण ज्या तोंडाशी अडकली त्याच तोंडातून परत येते. कॉम्प्रेसरची हवा इथे लावू नका.

एवढं करूनही धार बारीकच असेल तर कोर उतरवावा लागेल. तो कोमट डिग्रीझरमध्ये काही तास बुडवून ठेवा, अधूनमधून हलवा, धुवा. तरीही मोकळा झाला नाही तर रेडिएटरवाल्याकडे जा. तांब्या-पितळेचा कोर उघडून, साफ करून पुन्हा डाखता येतो, आणि हे काम अजून हाताने करणारे कारागीर दिल्लीत आहेत. जुना कोर फेकून बाजारातला ‘बसेल असा’ घेण्यापेक्षा मूळचा दुरुस्त करून घेणं केव्हाही चांगलं. थंडी तोंडावर आली आणि कोर गॅरेजात अडकला तर दोन होज एका तुकड्याने जोडून हीटर वगळता येतो. इंजिनाला त्याने काही होत नाही.

शेवटी होज. तेल लागलेलं साधं रबर फुगतं आणि मऊ पडतं. क्लिपेच्या शेजारी दाबून बघा, स्पंजासारखं लागलं तर होज बदला. सफाईनंतर जुने होज ठेवले तर गळती पहिल्या लांबच्या प्रवासात होते. भरताना नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट वापरा किंवा तयार मिश्रण घ्या. दिल्लीत पाणी गोठण्याची भीती जवळपास नसते. कूलंट हवं ते गंज थांबवायला. गाडीचं नाक चढावर ठेवून, हीटर उघडा ठेवून भरलं की हवा अडकत नाही.

हे ओतू नका

- पेट्रोल, डिझेल, रॉकेल: होजची वाट लागते, आणि गरम इंजिनाजवळ आग लागण्याचा धोका.
- कॉस्टिक सोडा: ॲल्युमिनियम खातो, त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो, डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते.
- भांडी घासायचं लिक्विड भरपूर प्रमाणात: फेसामुळे पाणी नीट फिरत नाही आणि इंजिन तापतं.
- तेल काढून व्हायच्या आधी सायट्रिक ॲसिड किंवा दुसरं आम्ल.

बीटल असेल तर आधी जिवाची काळजी

हवेवर थंड होणाऱ्या बीटलमध्ये तेलाच्या वासाकडे दुर्लक्ष करणं धोक्याचं आहे. तिच्यात केबिनची गरम हवा एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती बसवलेल्या हीट एक्स्चेंजरमधून येते. तो गंजून त्याला भोक पडलं तर तेलाच्या धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येतो. त्याला वास नसतो. डोकं जड होणं, मळमळ, सुस्ती ही त्याची लक्षणं, आणि थंडीत काचा बंद करून बसलेल्या माणसाला ती प्रवासाचा शीण वाटतात. म्हणून वास येताच हीटर बंद करा, काचा खाली घ्या आणि तपासणी होईपर्यंत तो वापरू नका. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म गाडीत ठेवणं शहाणपणाचं, पण तपासणीची जागा तो घेत नाही.

गाडीचं साल इथे कामाला येतं. १९६३ च्या मॉडेलपासून बीटलला ताज्या हवेचा हीटर आला. त्याआधीच्या गाड्यांत सिलिंडरवरून गेलेली हवाच थेट केबिनमध्ये येत असे, त्यामुळे इंजिनावर कुठेही तेल गळलं की वास आत. नंतरच्या गाड्यांत शोध घ्यायच्या जागा ठरलेल्या आहेत: रॉकर कव्हरचं बुचाचं गॅस्केट, पुशरॉडच्या नळ्यांची सील आणि ऑइल कूलरची सील. १९७१ च्या मॉडेलपूर्वी ऑइल कूलर पंख्याच्या आवरणाच्या आत, हवेच्या मुख्य वाटेतच असे. तिथली सील गेली की पंखा तेल उडवून सगळीकडे पोचवतो, हीटरसकट.

गळती बंद केल्यावर एक्स्चेंजर उतरवा. एक्झॉस्टचे नट गंजलेले असतात, स्टड तुटतात, म्हणून ते घाईने न उघडता आधी दोन-तीन दिवस तेल मारत राहा. पाण्यात मिसळणाऱ्या डिग्रीझरने आतून-बाहेरून धुवा आणि कडकडीत वाळवा. मग अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च धरा. उजेड जिथून नको तिथून दिसला तर तो एक्स्चेंजर बदला. वरून पत्रा ठोकून किंवा एम-सील लावून चालवू नका. एक्झॉस्टच्या उष्णतेत ते टिकत नाही, आणि इथे पणाला लागतो तो गाडीत बसलेल्यांचा श्वास.

हवेचे कागदी-कापडी पाइप तेलाने भिजले असतील तर ते धुऊन येत नाहीत, नवेच घ्या. दारांखालच्या पोकळीतून गरम हवा पुढे जाते, तिथे पाणी ओतू नका, पत्रा आतून सडतो. लवचीक सळईला डिग्रीझरने ओलसर केलेलं फडकं बांधून पुसा. जुनं तंतुमय इन्सुलेशन दिसलं तर ते घासू नका आणि त्यावर हवाही मारू नका. त्या काळच्या मालात ॲस्बेस्टॉस असू शकतो.

जोडल्यावर पहिल्यांदा हीटर मोकळ्या मैदानात, दारं उघडी ठेवून चालवा. उरलासुरला तेलकटपणा जळताना थोडा वास येईल आणि तो थांबायला हवा. पहिल्या काही फेऱ्यांनंतरही येत राहिला तर गळती बाकी आहे.

निघालेल्या पाण्याचं काय?

वापरलेलं इंजिन ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतं. ते आणि तेलकट पाणी गटारात ओतू नका. कॅनमध्ये भरून, जुनं तेल नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याला देणाऱ्या गॅरेजकडे सोपवा. ग्लायकॉल चवीला गोड आणि जहरी असतं. गल्लीतलं कुत्रं किंवा मांजर सांडलेलं चाटून मरतं. काम चालू असताना बादली उघडी ठेवू नका आणि जमिनीवरचं लगेच धुऊन-पुसून घ्या.

रस्त्यावर नेण्याआधी कागद बघा

दिल्ली-एनसीआरमध्ये १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घालणारे हरित लवादाचे आदेश आहेत आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. अंमलबजावणीबाबत नंतरही बदल होत आले आहेत, तेव्हा चाचणीची फेरी मारण्यापूर्वी परिवहन विभागाची ताजी स्थिती तपासा. शंका असेल तर गाडी टोइंगने न्या आणि चाचणी गॅरेजच्या आवारातच करा.

पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या खासगी गाड्यांना २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं आणि क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, पण प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते. म्हणजे हीटरच्या कामासाठी गॅरेजला नेणं नियमात बसतं. अट एकच जड: चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल नको. सफाई, होज, गॅस्केट हे त्यात मोडत नाही. ‘हेड गेलंय, दुसरं इंजिनच टाकू’ हा सल्ला मात्र तुमची व्हिंटेज नोंदणी घालवू शकतो. १९६४ पासून दिल्लीत होत आलेल्या स्टेट्समन रॅलीसारख्या ठिकाणीही मूळपण मोलाचं असतं. कामाचे फोटो काढा आणि बिलं जपून ठेवा.

गॅरेजवाल्याकडून काय मागायचं?

काम सुरू होण्यापूर्वी लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात तेलाचा उगम काय ठरला, हे एका ओळीत लिहून मागा. जो लिहून द्यायला तयार नाही, त्याने उगम शोधलेला नाही असं समजा. काढलेले पार्ट परत हवेत हे आधीच सांगा, विशेषतः गॅस्केट. ते कुठे फुटलं हे डोळ्यांनी दिसतं. काश्मिरी गेटला जाताना जुना होज आणि क्लिप नमुना म्हणून बरोबर न्या, आतला व्यास मोजून घ्या आणि कच्च्या चिठ्ठीवर न थांबता पक्कं बिल मागा. रविवारी बाजार बहुतेक बंद असतो.

पैसे घेऊन काम सदोष झालं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ती सेवेतली त्रुटी आहे. आधी गॅरेजला लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंदवा. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, तीही तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही आणि वकील असलाच पाहिजे असंही नाही. अर्जाला अंदाजपत्रक, पक्कं बिल आणि फुटलेल्या गॅस्केटचा फोटो जोडा.